फाटा

अण्णा म्हणायचे, फाटे फोडू नकोस.
दूध किती, फॅट किती लागली, पैसे किती, एवढंच सांग.
कोपरगावजवळच्या डेअरीत काचेच्या नळीवर
मी वीस वर्षं ती पिवळी रेघ वाचली:
तीन पॉइंट सहा, चार पॉइंट एक.
रेघेच्या आत कोण कोण नांदतं
हे कुणा गवळ्याने विचारलं नाही,
मीही नाही.

मग बावन्नाव्या वर्षी ब्रॅडफर्ड.
शेवटून दुसऱ्या थांब्यावर
पिशवी सावरत एस.टी.तून उतरावं, तशी.

प्रसूतिगृहाच्या तळघरात माझं यंत्र आहे.
सकाळी मॉरीन थॅकरे वरून ट्यूब आणून देते,
बर्फाच्या डब्यात, चिठ्ठीवर नाव, वेळ, आठवडे.
आत नखाएवढा पांढरा लेप:
बाळ अंगभर माखून येतं, तो.
आमच्याकडे सुईण डाळीच्या पिठाने खसाखसा काढायची.
इथे म्हणतात, असू दे, जिरेल.

त्यात स्निग्धाम्लं. सरळ साखळ्या असतात
काडेपेटीतल्या काड्या,
एकीला एक खेटून बसतात, थिजतात.
पण या लेपात दर तिसरी-चौथी निराळी निघते.
शेपटापाशी, शेवटून दुसऱ्या कार्बनवर,
कधी तिसऱ्यावर,
एक कार्बन बाजूला निघालेला.
एवढासा फाटा.
मग काड्या नीट रचता येत नाहीत,
मध्ये फट राहते,
आणि मेण व्हायचं ते लोण्यासारखं राहतं.

गारठ्यातले जिवाणूही हेच करतात.
पारा उतरला की फाटे वाढवतात,
नाहीतर त्यांचं आवरण कडक होऊन बसेल.
बोकडाचा उग्र दर्प, तो फाट्याचा.
मेंढीच्या लोकरीतलं तेलही.
हॅरल्ड उमर लोकर धुवायच्या गिरणीत होता,
बसथांब्यावर तळवे उघडून दाखवतो:
एक्क्याऐंशीव्या वर्षी माझ्याहून मऊ.
"चाळीस वर्षं मेंढ्यांचा वास," म्हणतो,
"बायकोने एकदाच तक्रार केली. लग्नाच्या रात्री."

पोटातलं बाळ शेवटच्या महिन्यांत
सुटलेला लेप पाण्याबरोबर गिळतं.
आतड्यात तो आधी पोचतो, जिवाणू नंतर.
पाहुणे दारात यायच्या आत
सारवण झालेलं असतं.

काल शुमाइलाच्या मुलीचा आलेख निघाला. एकोणचाळीस आठवडे.
तिथे एक गंमत आहे:
तेवढ्याच कार्बनांची सरळ साखळी मागून येते,
फाट्यांची शिखरं आधी उमटतात.
मला वाटायचं, आडवाटेने जाणारे उशिरा पोचतात.
अण्णांना कागद दाखवायला हवा होता.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले असते,
बरं, आणि पैसे किती?

आज कर्स्टीच्या मुलाची ट्यूब. सव्वीस आठवडे.
आत काही नाही.
मॉरीन म्हणाली, पुसायला काही नव्हतंच.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी,
आतलं सगळं दिसतं.
नियम असा की रिकामी ट्यूबही चालवायची.
चालवली.
सेहेचाळीस मिनिटं सपाट रेघ.
वीस वर्षं रेघा वाचलेली बाई मी,
पुन्हा पुन्हा चष्मा पुसत राहिले.

रकान्यात शून्य लिहायचं असतं.
मी लिहिलं, अजून नाही.
सुपरवायझर खोडेल. खोडू दे.
वर पाचव्या मजल्यावर कर्स्टी पंप लावून बसलीय,
अर्ध्या तासाला दोन चमचे दूध.
त्यातही फाटे असतात,
शंभरात एखादा, तोही पुरता नाही.
पण असतात.
मी मोजलेत.