भाटाची वही

दर तीन वर्षांनी मुडावदला येतो सुपडू भाट,
लाल कापडात वही बांधून.
ओट्यावर बसून, बोटाला थुंकी लावून
कोण कुणाचा, कुठून उठून कुठे गेला,
वाचत जातो.

यंदा सातवीतली मंजुळा मधेच म्हणाली,
बेलुगाचं लिही.
"हाई कोन शे?"
पांढरा देवमासा. बर्फाजवळ राहतो.
सख्खा भाऊ एकच, नारव्हाल,
त्याचा एक दात भाल्यासारखा पुढे गेलेला.
भिंतीला भिंत लागून पॉरपॉइजचं घर,
त्यापलीकडे डॉल्फिनचा वाडगा,
ही सगळी दातवाली भावकी.
निळा देवमासा दात टाकून वेगळा निघाला.
फार जुनी वाटणी,
पण सातबारा एकच.

"मासाच ना?"
मासा कसला. दूध पाजतो लेकरांना.
वर येऊन श्वास घेतो.

भाटाने पेनाचं टोपण काढलं.
मूळ गाव?

मंजुळाने खाली बोट दाखवलं.
पांझरा तापीला मिळते तिथे
म्हशी बसल्या होत्या, नाकं तेवढी वर.
असंच कुणी खुरांचं उतरलं पाण्यात,
लाखो उन्हाळ्यांपूर्वी.
संध्याकाळी हाका मारायला कुणी नव्हतं.

सुपडू बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
"भाऊबंदकी मोठी शे वं माय,
तेराव्याले किती पत्रावळ्या लागतीन!"
मग समासाबाहेर, बारीक अक्षरात:
गेले. पत्ता, पाणी.

आणि हेही लिही, मंजुळा म्हणाली,
बेलुगाला मान वळवता येते.
डॉल्फिनांना सहसा जमत नाही.
तो मागे बघतो.