दीड मीटर

आरसा मोडला त्या दिवशी मी तिला काय काय बोललो
ते घरी सांगितलं नाही.
अबांकाय रस्ता, संध्याकाळचे सहा,
लिमाचं आभाळ भांडी पुसायच्या फडक्यासारखं,
पाऊस नाही, ऊन नाही, काचेवर नुसती ओल.
पाठीवर पिवळा चौकोनी डबा, ती मध्येच घुसली.
मी हॉर्नवर तळहात ठेवला
तो उचललाच नाही.
सिग्नलला येऊन तिने उजव्या आरशावर
गुद्दा हाणला. एकच.
तडकलेल्या काचेत तिचे चार डबे झाले,
आठ चाकं,
आणि सगळीच्या सगळी गर्दीत गेली.

कंपनीने आरसा पगारातून कापला,
वर शनिवारचं प्रशिक्षण.
सव्वीस वर्षं बस चालवतोय.
मला काय शिकवणार?

डेपोत भिंतीलगत सहा सायकली,
जमिनीत पक्क्या ठोकलेल्या.
‘बैस फोर्तुनातो, मार पाय.’
मारले. कुठेच जात नव्हतो.
पोट आड येत होतं, गुडघे हँडलला लागत होते,
पोरं हसली, मीही हसलो.
मग सातुर्निनोने बस काढली.
माझीच.

मागून आली.
आवाज ओळखीचा, दुसऱ्या गिअरला जरा खोकते,
झोपेतही सांगेन.
पण पाठीला ऐकू येतं ते वेगळंच.
आधी वारा,
मग मांडीवर डिझेलची ऊब,
मग पत्र्याची भिंत, सरता सरेना.
बारा मीटर म्हणजे किती
हे सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं मला.
डोळे मिटले. तोंडात देवाचं नाव आलं नाही,
आली ती शिवी,
तिच्या आईवरून मी तिला दिलेली.

‘किती अंतर वाटलं?’ साहेबाने विचारलं.
म्हटलं, वीतभर.
त्याने टेप धरली.
दीड मीटर भरलं. अगदी नियमाप्रमाणे.

सोमवारी ती दिसली.
किंवा दुसरी कोणी असेल, डबे सगळ्यांचे सारखेच,
याच्या कोपऱ्याला चिकटपट्टी होती.
मी दोन मीटर सोडले.
मागचे हॉर्न माझ्या आईपर्यंत पोचले,
म्हटलं पोचू देत, म्हातारी तशीही बहिरी आहे.
मागच्या दारातून कोणीतरी ओरडलं, झोपलास का रे?

आणि मी सोडलेल्या त्या जागेत
एक टॅक्सी शिरली,
तिच्या कोपराला घासून, सुसाट.

ती डगमगली. एक पाय टेकला.
सावरली.
मग तिने वळून पाहिलं.
टॅक्सी तोवर गेली होती.
तिने माझ्याकडे पाहिलं.

मी हात बाहेर काढला, काहीतरी सांगायला,
आणि काय सांगावं ते न सुचून
नवा आरसा
हळूच आत ओढून घेतला.