डावा बूट

पार्कच्या भिंतीला लागून जे बाकडं आहे, त्याला पाठ नाही.
म्हणून आम्ही एकमेकांना टेकून बसतो,
संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या वेळेला:
सायबण्णा, इल्यास बागवान, मोदीखान्यातला विल्सन
आणि मी, नरसय्या,
ज्याला हे अजून नर्सू म्हणतात, नातू शेजारी उभा असला तरी.
पुडीत खारे शेंगदाणे. चटणी डॉक्टरनं तोडली.

मग त्र्याऐंशीची फायनल निघते.
आपण विरुद्ध मिरज. एक-एक. चार मिनिटं राहिलेली.
गवत फक्त कॉर्नरच्या झेंड्यापाशी,
तिथला नळ गळायचा म्हणून.
अंबादास येमुल बॉल घेऊन आत घुसतो.
दर वर्षी तो एक माणूस जास्त चुकवतो.
सुरुवातीला दोन होते, आता पाच झालेत,
शिवाय मिरजेचा एक राखीव गडी,
जो त्या दिवशी बाहेर बसून सोडा पीत होता.

आणि भांडण तिथंच अडतं: कुठल्या पायानं?
"बलगालु," सायबण्णा उजवी मांडी थोपटतो.
"बाएँ से मार्‍या बे, मेरे आँख के सामने," इल्यास,
त्या डोळ्यात आता मोतीबिंदू.
विल्सन म्हणतो, डोक्यानं.
विल्सन चाळीस वर्षं डोक्यानंच म्हणतो.

मग तिघं माझ्याकडे बघतात.
माझ्याइतकं बारीक कुणालाच आठवत नाही:
रेफ्रीची शिट्टी मनगटाला सुतळीनं बांधलेली,
गोलकीपरच्या गुडघ्यावर हळद,
आणि मारायच्या आधी येमुलनं एकदा वर पाहिलं,
घार फिरत होती तिकडं.
"डावा," मी म्हणतो.
"हौ बे. नर्सू म्हणतो म्हणजे डावाच."

मी तिथं नव्हतो.

दुसरी पाळी होती. जॉबर म्हणाला,
बदलीवाल्याला फायनल नसते.
साडेतीनला भोंगा झाला, मी आत गेलो.
मागांच्या खडखडाटात गोल ऐकू येत नाही,
शेजारच्याची शिवीसुद्धा ओठांवरून वाचावी लागते.
बाहेर अख्खं सोलापूर ओरडलं असेल.
माझा धोटा या काठावरून त्या काठाला गेला
आणि परत आला.

बूट मात्र माझे होते.
त्या सकाळी येमुलच्या बुटाचा तळ निघाला,
आणि माझे त्याला बसले, बोटांपाशी कापूस कोंबून.
दुसऱ्या दिवशी तो दारात आला,
नाड्यांनी एकत्र बांधलेली जोडी पुढं केली.
"फाटला रे," एवढंच म्हणाला.
बाकी काय सांगायचं? मी पाहिलं असणारच,
मी नव्हतो हे त्याच्या मनातही आलं नाही.
मीही विचारलं नाही.

तो गेल्यावर उजेडात धरून पाहिले.
उजवा दिला तसा.
डाव्याचं नाक उघडलेलं, शिवण उसवलेली,
आणि चामड्यावर चुन्याचा एक पांढरा ओरखडा.
तेवढंच माझ्याकडे होतं.
बाकीचं विणलं,
चादरीतला मोर विणतात तसं, उलटी बाजू बघत.

मिल बंद पडल्यावर येमुल भिवंडीला गेला.
खूप वर्षांनी एकदा फोन आला,
मागं तिकडचे माग चालू होते, ओरडून बोलत होता:
"नर्सू, पोराला सांगत होतो बे,
मी खरंच वर बघितलं होतं का?"
"घार होती," मी ओरडलो.
"हां," तो म्हणाला. "घार. बरोबर."
नंतर तो तिकडंच वारला.

दिवे लागतात. नेटमध्ये क्रिकेटची पोरं.
आम्ही एकेक करून उठतो, कारण एकदम उठलो
तर टेकायला कुणी राहत नाही.
पुडीचा कागद झटकत विल्सन म्हणतो,
"तुम्ही काय पण म्हणा बे,
डोक्यानंच होता तो गोल."