चप्पल निसटते, कळतं का?

पहिला प्रश्न शिकवलेलाच विचारला:
चालताना चप्पल पायातून निसटते का?
निसटली, तर कळतं का?

अक्काताई सातपुते हसल्या.
जवाहरनगरात पस्तीस वर्षं
चपलांच्या वेण्या वळणारी ही बाई.
"निसटती की. आन् कळत न्हाई.
मागनं पोरगं वरडतं,
आत्ते, एक पाय अनवाणी हाय तुजा."

सीपीआरची ओपीडी, बारा वाजून गेलेले.
फाइलवर एचआयव्ही, लाल शाईत, दोनदा अधोरेखित.
ज्यानं ज्यानं ते वाचलं
त्याला पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही.
ताप त्याच खात्यावर, खोकला त्याच खात्यावर,
आता पायही.
बारा वर्षांत एक गोळी चुकलेली नाही
हे आतल्या पानावर होतं, पेन्सिलीनं.

स्वरकाटा घोट्यावर टेकवला. "काय जाणवतंय?"
"गार."
गुडघ्यावर, गार.
कमरेच्या हाडावर, गार.
बरगडीवर ठेवला तशा दचकल्या,
"हितं भुंगा हाय!"

हातोडी पडली आणि पाय उसळला,
मला लागता लागता राहिला.
"रबराची व्हय? हिनं काय ठोकता तुमी?"
तळव्यावरून किल्ली ओढली.
अंगठा सावकाश वर गेला,
वर्गात हात करणाऱ्या मुलासारखा.
अंगठा वर गेला
की दुखणं पायात शोधायचं नसतं.

मग टाचणी. पोटरी, मांडी, ओटीपोट,
कुठंच काही नाही.
बेंबीच्या दोन बोटं वर:
"आता टोचलं."
दुसऱ्या बाजूनंही तिथंच.
मी पेनानं रेघ मारली.

विषाणू एकटाच कण्यात शिरला
तर सहसा अशी रेघ मारत नाही,
तो पुसत जातो, कडा न ठेवता.
इथं कशाचा तरी दाब आहे.
क्षय असेल. गाठ असेल.
हटवता येण्यासारखंही असेल.
एमआरआयच्या कागदावर 'तातडीचं' लिहिलं
आणि सही करताना पहिल्यांदाच
माझी सही मला वाचता आली.

त्या रेघेकडं बघत होत्या.
"कातडं कापायच्या आदी आमीबी अशीच वडतो.
कापणार व्हय?"
"आधी बघणार."
"बघा. आजवर कुणी बघितलंच न्हाई,
नुसतं वाचलं."

मग कॉटच्या कडेला बसून,
मान खाली घालून,
त्यांनी चपला घातल्या,
डोळ्यांनी,
एकेक बोट आत जाताना बघत.