चौदा गाठी

दहिवेलच्या दवाखान्यात वजनकाटा नाही.
म्हणून कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो.
काट्यावर आधी सुपडू ठेलारी एकटा : बावन्न.
मग कवड्याला छातीशी धरून : एकाहत्तर.
एकोणीस किलो कुत्रं,
त्यातली निम्मी हाडं.

कानांच्या कडा जुन्या पापडासारख्या,
कोपरं सोललेली, डोळ्यांभोवती केस नाहीत.
धरून ठेवला तरी मागचा पाय
हवेतच खाजवत राहिला,
आकडा हलत राहिला.

लूतभरं कुत्रं ही आमच्याकडे शिवी आहे,
माणसालाच जास्त देतात.
सुपडूनं तो शब्द काढला नाही.
नुसतं म्हणाला, "आंगले काहीतरी लागनं."
आणि बाही खाली ओढली.
मनगटावर त्याच्याही पुरळ.
थंडीत दोघांना एकच घोंगडी.

कानाची कड ब्लेडनं खरवडली
रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत,
काचेवर तेलाचा थेंब घातला
आणि म्हटलं, ये, तूच बघ.
त्यानं आधी चुकीचा डोळा मिटला.
मग बराच वेळ बोलला नाही.
कासवासारखी पाठ, आठ आखूड पाय.
"हाई येवढंसं?"
कोंडाईबारीच्या उतारावर लांडग्याच्या मानगुटीला
लटकलेलं हे जनावर,
त्याला येवढ्याशानं पाडलं.

मला जळकं ऑईल आठवत होतं.
तीन वर्षांमागं निजामपूरच्या झेलाबाईला
मीच सांगितलं होतं : ट्रॅक्टरचं काढलेलं ऑईल चोपड.
सगळे तेच सांगायचे, मीही सांगितलं.
तिच्या चंद्रीनं ते रात्रभर चाटलं.
झेलाबाई भांडायला आली नाही.
साखळी परत करायला आली,
माझी होती ती.
अजून खिळ्याला आहे.

म्हणून आता दोनदा सांगतो, सावकाश.
ऑईल नाही.
गोठ्यातली गोचिडाची पावडर तर नाहीच नाही.
मेंढरांच्या औषधाची बाटली
याच्यासाठी अंदाजानं झुकवायची नाही,
याचं माप याच्या वजनाचं, सुई मॅडमच्या हातची.
गंधकाच्या पाण्यानं भिजव.
सडक्या अंड्यासारखा वास येईल, येऊ दे.
चाटू नये म्हणून बादलीचं बूड कापून गळ्यात घाल,
इतर कुत्री हसणार नाहीत.
त्यांनाही दाखवायला आण मात्र.
घोंगडी उकळ.
उकळली तर आटते म्हणतोस?
मग तापल्या दगडावर टाक, चार दिवस,
आणि तू वेगळा झोप.
दुसरी सुई चौदाव्या दिवशी.

चौदाव्या दिवशी कळप घाट उतरून
नवापूरच्या पुढं असेल.
दिवाळी झाली की मेंढरं कुणाची तारीख पाळत नाहीत,
आणि सुपडूला तारीख कळत नाही, मुक्काम कळतो.
मग घोड्याच्या दोरीला चौदा गाठी मारल्या.
रोज बिऱ्हाड उतरलं की एक सोड.
शेवटची सुटेल तिथून जवळचा दवाखाना,
त्यांना ही चिठ्ठी दे.
त्यानं गाठी बोटांनी मोजल्या,
मेंढरं मोजतो तशा, जोडी-जोडीनं.

"वाची का मना कवड्या?"
मी दोरीला आणखी एक ओढ दिली.

पवनचक्क्यांच्या पायांतून गेले ते,
घोडं, कोंबड्या, पाळण्यात पोर,
मागं बादली घातलेलं कुत्रं,
दर दहा पावलांवर खाजवायला बसणारं,
पुन्हा धावून कळप गाठणारं.

मीही एक सुतळी बांधली, साखळीच्याच खिळ्याला.
चौदा सुटल्या. पुन्हा चौदा मारल्या.
त्यातल्या दोन उरल्या होत्या तेव्हा
अनोळखी नंबरवरून फोन आला,
मागं मेंढरांचा गलका.
"केस उगी ऱ्हायनात," सुपडू ओरडत होता,
"कानवर! काया काया!
आन रातले लांडगा उना व्हता..."
आणि रेंज गेली.

लांडग्याचं काय झालं ते कळलं नाही.
कुणीतरी भुंकत होतं मात्र, अगदी फोनजवळ.
तो कवड्याच,
असं मी धरून चाललोय.