दुप्पट वेगाने

दियेनाबा आत्याला लिहिता येत नाही,
म्हणून फोन माझ्या हातात.
मी बोट दाबून धरते, ती बोलते,
मासळीच्या मिठाने फुटलेले हात फोनपासून लांब ठेवून,
जणू वास थेट आल्मेरियापर्यंत पोचेल.

आधी क्षेमकुशल. ते आमच्या गेत न्दारमध्ये घाईत उरकत नाहीत.
बिराम, शरीर कसं आहे?
शांती आहे ना?
खोलीतल्या बाकीच्यांना शांती आहे ना?
त्या मालीच्या पोराचा पाय?
ज्याच्या मिरच्या तोडतोस, त्याच्या घरी?
आणि प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबते,
त्याच्या उत्तरापुरती जागा सोडून.
मी खुणेने सांगते, आत्या, तो आत्ता ऐकत नाहीये.
ती खुणेनेच सांगते, गप्प.
त्या सोडलेल्या जागांत आमची गल्ली शिरते:
शेजारची बकरी, होडी रंगवणाऱ्यांचं भांडण,
दुपारची बांग,
आणि समुद्र, जो गेल्या वर्षीपेक्षा दोन घरं जवळ आलाय.

मग मुद्दा. पत्रे, औषध, धाकटीची फी.
सात मिनिटं बारा सेकंद.

माझं गणित चांगलं आहे, हाच घोटाळा.
परवा निरोप गेला आणि माईकचं चित्र
लगेच निळं झालं, म्हणजे त्याने कानाला लावला.
मी सहज घड्याळ पाहिलं.
चौथं मिनिट सरायच्या आत उत्तर:
"हो आई. शुक्रवारी पाठवतो. शांती."
अकरा सेकंद. त्यातले तीन नुसत्या वाऱ्याचे.

मला कळलं. मीही तेच करते.
मैत्रिणींचे निरोप मी तसेच ऐकते, खारीच्या आवाजात,
रुसवे, गृहपाठ, कुणाचं कुणावर मन बसलंय,
सगळं एकाच घाईत.
पण आत्याच्या आवाजाला ते कधी लावून पाहिलं नव्हतं.
रात्री पांघरुणात लावलं.
जिच्या हाकेने निघालेल्या होड्या मागे वळतात
ती दियेनाबा आत्या चिवचिवत होती.
सोडलेल्या जागा बुजल्या होत्या,
बकरीची झाली होती उचकी,
समुद्र म्हणजे कुणीतरी कागद फाडतंय.

तीन दिवस पोटात ठेवलं.
चौथ्या दिवशी वाळवणीवर मासळी उलटताना
तोंडातून निसटलंच.

आत्याचा हात थांबला नाही.
"लहानपणीही न चावता गिळायचा," ती म्हणाली.
"घास तोंडात, पाय वाळूत.
म्हणून मी काय रांधायचं सोडलं?"
एक अख्खी रांग उलटून झाल्यावर:
"आणि त्याचे अकरा सेकंद
तू मला रोज किती वेळा लावून देतेस?"
नऊदा. कधी दहादा.
"मग झाली की फिटंफाट."

काल पहाटे निरोप आला, नऊ मिनिटांचा.
बिराम एवढं कधी बोलत नाही.
आत्या उठून बसली, डोक्याला फडकं गुंडाळलं,
दारात पाहुणा आल्यासारखं.
लावला.
बोलणं नव्हतंच. खिशात दाबला गेला असणार.
प्लास्टिकच्या छताची फडफड, कात्रीची कचकच,
कुणाचं तरी स्पॅनिशमधलं ओरडणं,
खोकला, एकदा,
मग पुन्हा, आणि आत्याची मान किंचित वळली,
आणि ओल्या मातीत पावलं,
पावलं,
पावलं.

दोन मिनिटांनी माझं बोट सवयीने
त्या छोट्या आकड्याकडे गेलं.
आत्याने ते मुठीत धरलं.
तिच्या तळव्याचं मीठ मला चुरचुरलं.
"चालतोय तो," ती म्हणाली,
"चालू दे."