छेदात काय घ्यायचं

ग्युम्रीत डिसेंबरात खडूसुद्धा गार लागतो.
सातवीच्या फळ्यावर मी लिहिते:
सुके जर्दाळू, दोन हजार द्राम किलो.
भाव वीस टक्के चढला,
मग वीस टक्के उतरला.
आता किती?

"जैसे थे, बाई!" अख्खा वर्ग एका सुरात.
मागच्या बाकावरचा मुशेग तर वही मिटून मोकळा.
तागुही तेवढी अजून खाली मान घालून.
"एकोणीसशे वीस," ती म्हणाली,
"ऐंशी द्राम कुठेतरी सांडले."

सांडले नाहीत गं.
चढताना वीस टक्के दोन हजारांचे होते,
उतरताना चोवीसशेचे.
टक्क्याला स्वतःचं घर नसतं,
ज्याच्याकडे उतरतो त्याचं मीठ खातो.

मुशेग उठून उभा: म्हणजे काका लबाड!
रात्री भाव तीस टक्क्यांनी वाढवतो
आणि सकाळी काचेवर चिकटवतो, तीस टक्के सूट.
मांड म्हटलं. त्यानं मांडलं.
काका लबाड नव्हता, कच्चा होता,
शंभरामागे नऊ पदरचे घालत होता.
त्या हसण्यात तास संपला.

संध्याकाळी वह्या तपासताना
तागुहीच्या वहीचं शेवटचं पान.

*बाबा जूनमध्ये ऐंशी किलो.*
*आता चौसष्ट. घट वीस टक्के.*
*वीस टक्के वाढले की झालं.*

ही शेवटची ओळ खोडलेली.
खाली बारीक अक्षरात:
चौसष्टचे वीस टक्के, बारा पूर्णांक आठ.
बेरीज शहात्तर पूर्णांक आठ.
पुरत नाही.
मग पंचवीस, दोनदा अधोरेखित.
आणि समासात, मी शिकवलं नव्हतं ते:
*काटा पिठाचा. दोन्ही वेळा बूट घालून.*

वार्दगेसला मी ओळखते.
बेकरीत दोन खांद्यांवर दोन पोती घेऊन
तो जिना चढायचा, वर शीळ घालत.
हल्ली गल्ल्याशी बसतो, टोपी कानांवर ओढून,
सुटे पैसे दोनदा मोजतो.

लाल पेन हातात तसंच.
चूक कुठेच नव्हती.
एकक लिहिलंय का, तेवढं पाहिलं.
तीस वर्षं मी हे उदाहरण
मुलांना फसवायला घालत आले,
दोन गुणांचं,
उतरलात त्याहून जास्त टक्के चढावं लागतं म्हणून.
या गावात ते फळ्यावर लिहायची
खरं तर गरज नव्हती.

मार्चमध्ये, मधल्या सुट्टीत,
ती दाराशी येऊन उभी राहिली. "अडुसष्ट."
बूट तेच?
"तेच. नाडी मात्र आता स्वतः बांधतात."
काढ मग.
"छेदात काय घेऊ, बाई?
ऐंशी की चौसष्ट?"

नियम पुस्तकात आहे, चौकटीत,
पण मी चौकटीकडे पाहिलं नाही.
वाढ जिथून सुरू झाली ते घे, म्हटलं.

तिनं तळहातावर बोटानं भागाकार केला.
"सव्वासहा."
घंटा झाली. ती वळली, पुन्हा थांबली.
"ऐंशी धरले तर पाचच येतात.
आईला सव्वासहा सांगते."